गप्प राहणाऱ्या माणसानं अटलांटिक ओलांडावा का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मूळच्या चिपळूणच्या, वय 34. पाच वर्षांपासून नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असतात आणि तिथेच शिडाची होडी चालवायला शिकल्या. ओळखीच्या एका निवृत्त जोडप्याची 12 मीटरची बोट आहे. नोव्हेंबरअखेर ती कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला निघणार आहे. नवरा स्किपर, म्हणजे कप्तान, सोबत बायको, एक तरुण गडी आणि चौथ्या या. सरावासाठी हे चौघं एका शुक्रवारी रात्री उत्तर समुद्रातून इंग्लंडकडे निघाले. पहाटे दोनच्या सुमाराला यांच्या हातून चुकीचा दोर सुटला आणि अर्धं गुंडाळून ठेवलेलं पुढचं शीड सगळं उलगडलं. स्किपर जोरात ओरडला. त्यानंतर दोन दिवस त्या जेवढ्यास तेवढं बोलल्या. शिवाय तीनदा उलट्या झाल्या. त्या विचारतात: “मी भांडत नाही, जुळवून घेते. तरी माझा स्वभाव या प्रवासाला पुरेल का? नोकरीनं जीव विटलाय. लांबचा समुद्रप्रवास माणसाला आतून बदलतो म्हणतात, म्हणून जावंसं वाटतं. आईचा विरोध आहे. जाऊ का?”

तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे, “शुक्रवारी ऑफिस करून थेट बोटीवर गेले”. बाकी पत्रापेक्षा या ओळीत मला जास्त सापडलं. सकाळी सातला उठला असाल, तर पहाटे दोनला तुम्ही एकोणीस तास जाग्या होत्या. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. तुम्ही राहता त्या देशात गाडी चालवायची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. भारतात तर ती 0.03 टक्के आहे. म्हणजे तुम्ही गाडी चालवायच्या लायकीच्या नव्हतात, आणि तुमच्या हातात काळोखात दोर होते. त्यातून पोटात कालवाकालव. या रात्रीवरून तुम्ही स्वतःच्या स्वभावाचा निकाल लावताय. तो निकाल आधी रद्द करा.

लांबच्या प्रवासात ज्याला आपण ‘स्वभाव’ म्हणतो, त्यातला बराच भाग झोपेचा असतो. चिडका वाटणारा स्किपर अनेकदा तीन रात्री नीट न झोपलेला स्किपर असतो. म्हणून “माझा स्वभाव पुरेल का” हे बाजूला ठेवून “या बोटीवर मला झोप कशी मिळणार आहे” हे विचारा. त्याला आकड्यांत उत्तर मिळतं.

लास पाल्मास ते सेंट लुशिया सुमारे 2,700 सागरी मैल. सरासरी सहा नॉट, म्हणजे ताशी सहा सागरी मैल, वेग धरला तर दिवसाला 144 मैल, म्हणजे जेमतेम एकोणीस दिवस. वारा पडला तर बावीस-तेवीस. स्किपरनं चार तास काम, चार तास आराम अशा दोन जोड्या ठरवल्यात असं तुम्ही लिहिता: नवरा-बायकोची एक आणि तुमची व त्या तरुणाची दुसरी. ही मांडणी मला पसंत नाही. एक तर चार तासांच्या आरामात कपडे काढणं, खाणं, झोप लागणं आणि परत तयार होणं वजा केलं की अडीच तासच उरतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अशानं एका बोटीवर दोन घरं तयार होतात, दिवसातून काही वेळा दहा मिनिटं भेटणारी. जोडप्याचं सगळं बोलणं आपसात होतं आणि तुमच्यापर्यंत फक्त निर्णय येतो. जोडप्याच्या बोटीवर गेलेल्या पाहुण्या क्रूची ही नेहमीची तक्रार आहे, आणि दोष बहुधा माणसांचा नसून पाळ्यांच्या तक्त्याचा असतो.

चार माणसांत रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांचे तीन-तीन तासांचे चार वॉच, म्हणजे पहारे, पडतात. प्रत्येकाला एक वॉच आणि नंतर सलग नऊ तास मोकळे. सुरुवातीचे तीन दिवस कोणी एकट्यानं बसू नये, वॉच अर्धे-अर्धे एकमेकांवर चढवावेत. पुढे ऑटोपायलट किंवा वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू नीट काम करत असेल तर एकेकटं बसता येतं. वेळ रोज बदलू नका, शरीराला ती अंगवळणी पडायला तीन-चार दिवस लागतात. दर आठवड्याला फिरवलीत तरी चालेल, म्हणजे पहाटे दोन ते पाचचा टप्पा कायम एकाच्याच गळ्यात पडत नाही. घड्याळ एकच ठेवा. कॅनरीत हिवाळ्यात जी वेळ असते तीच जागतिक वेळ आणि सेंट लुशिया तिच्या चार तास मागे. वाटेत रोज थोडं थोडं घड्याळ मागे करत बसलात तर वॉचवरून वाद ठरलेला.

आता तुमचं “मी भांडत नाही, जुळवून घेते”. तुम्ही हे गुणपत्रिकेसारखं लिहिलं आहे. घरात, ऑफिसात कदाचित तो गुण असेलही. बोटीवर मात्र गप्प बसलेला माणूस बाकीच्यांना न दिसणारा खडक असतो. तुम्ही एकोणीस तास जाग्या आहात हे कोणालाच माहीत नव्हतं. उलटी होऊन गेल्यावर “आता बरी आहे” म्हणालात, तेही खरं नव्हतं. हे समोर असतं तर स्किपरनं तुम्हाला दोराजवळ उभं केलंच नसतं. नंतरच्या दोन दिवसांच्या अबोल्याला तुम्ही जुळवून घेणं म्हणता. बाकी तिघांनी त्याला रुसणं म्हटलं असेल, किंवा त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. दोन्हींत तुम्हाला हवं ते मिळालं नाही.

ओरडण्याबद्दल मात्र जरा थांबून बघा. वीस नॉट वाऱ्यात फडफडणारं शीड, सुकाणूपासून तुम्ही पाच-सहा मीटरवर, इंजिन चालू. तिथं हळू बोललेलं ऐकूच येत नाही, तेव्हा मोठा आवाज हा पुरावा होत नाही. आवाज दोराला उद्देशून होता की तुम्हाला, हे आठवा. “लाल दोर! लाल दोर परत बांध!” हा कितीही कर्कश असला तरी हुकूम आहे. “तुला साधं एवढं कळत नाही?” हा अपमान आहे. शीड आवरल्यावर, चहा झाल्यावर तो त्याबद्दल काही बोलला का? दुसऱ्या दिवशी त्यानं थट्टेत विषय काढला असं तुम्ही लिहिता. ती अवघडलेल्या माणसाची माफी असू शकते, टोमणाही असू शकतो. मला इथून कळायचं नाही. तुम्हीच विचारायला हवं, आणि निघण्याआधी विचारायला हवं.

कसं विचारायचं तेही सांगते, कारण गप्प माणसाचं घोडं इथंच अडतं. घडलं काय, त्यात माझा भाग कोणता आणि मला हवंय काय, एवढ्या तीनच गोष्टी लिहून पाठवा: “त्या रात्री मी एकोणीस तास जागी होते आणि ते सांगितलं नाही, ही माझी चूक. तू ओरडलास तेव्हा कोणता दोर ते मला कळलं नाही, फक्त ओरडा कळला. निघण्याआधी बंदरात दोरांची एक संध्याकाळ करूया आणि वॉचचा तक्ताही परत बघूया.” उत्तर काय येतं आणि कोणत्या सुरात येतं, त्यावर तुमचा निम्मा निर्णय होईल. यावर जो चिडेल, तो पंधराव्या दिवशी जास्तच चिडेल.

‘दोरांची संध्याकाळ’ म्हणजे काय? बोट धक्क्याला बांधलेली असताना कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, येणाऱ्या प्रत्येक दोराच्या क्लचवर, दोर पकडून धरणाऱ्या चापावर, नाव चिकटवायचं. मग डोळ्यांवर रुमाल बांधून, कोणी नाव पुकारलं की तो दोर हातानं शोधायचा. क्लच उघडण्याआधी दोराला विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या रिळावर, तीन वेढे घ्यायचे, म्हणजे चुकीचा उघडला तरी तो सणकन सुटत नाही. हुकूम ऐकला की तो मोठ्यानं परत म्हणायचा: “जेनोआ गुंडाळायचा दोर, सोडतेय.” (जेनोआ म्हणजे तेच पुढचं शीड.) चूक असेल तर तुमचा हात हलायच्या आधी समोरचा ओरडू शकतो. तो ओरडा मग वाईट वाटत नाही. दीड तासाचं काम आहे. शिडाच्या दांड्याला, बूमला, पुढे ओढून धरणारा दोर कसा बांधायचा तेही याच संध्याकाळी शिका. या वाटेवर वारा बहुतेक वेळ पाठीमागून असतो. बोट डोलते, सुकाणू जरा चुकलं की बूम एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते आणि वाटेत कोणाचं डोकं असेल तर ते वाचत नाही.

स्किपरकडून आणखी एक कागद मागा: त्याला कधी उठवायचं? आकड्यांत हवं. वारा वीस नॉटच्या वर गेला, कुठलंही जहाज दोन मैलांच्या आतून जाणार असं दिसलं, वाऱ्याची दिशा वीस अंशांनी फिरली, चांदण्यांत काळा डाग दिसला म्हणजे पावसाळी झोत येतोय, अनोळखी आवाज आला. आणि शेवटी, ‘उठवू की नको असं वाटलं’. हे शेवटचं त्याच्या हस्ताक्षरात असू द्या. तुमच्यासारखी माणसं “बिचारा आत्ताच झोपलाय” म्हणून थांबतात. दुरून येणाऱ्या जहाजाचा दिवा सहा मैलांवर दिसला, त्याचा वेग अठरा नॉट आणि तुमचा सहा, समोरासमोर असाल तर पंधरा मिनिटांत गाठ पडते. नजर दर दहा मिनिटांनी चहूकडे फिरायला हवी, आणि संकोचाला त्यात वेळ नाही.

उलट्यांचं मनाला लावून घेऊ नका. बोट लागणं आणि हिंमत यांचा संबंध नाही, इंग्रज नौसेनापती नेल्सनलाही बोट लागायची. बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस त्रास होतो आणि मग शरीर सरावतं. दोन दिवसांच्या सफरीत तुम्ही नेमका वाईट भागच पाहिलात. औषध उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. सिनारिझिन (भारतात स्टुजेरॉन नावानं मिळतं ते) प्रवासाच्या आधीपासून घेतात, स्कोपोलामाइनची पट्टी कानामागे काही तास आधी लावतात आणि ती तीन दिवस चालते. दोन्हींनी झोप किंवा तोंडाला कोरड येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारून महिनाभर आधी घरी एका सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. पहिले तीन दिवस खालच्या स्वयंपाकघरात उभं राहणार नाही, हे आधीच सांगा आणि बदल्यात नंतरची भांडी जास्त घ्या. उलटी बादलीत करायची. कठड्यावरून वाकून करणारी माणसंच पाण्यात पडतात. सोबत ओआरएसची वीसेक पाकिटं ठेवा. चोवीस तास पोटात पाणी टिकलं नाही, किंवा सगळं नकोसं वाटून नुसतं पडून राहावंसं वाटू लागलं, तर ते लगेच सांगायचं. त्या अवस्थेत माणूस अंगातला हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, बोटीला अडकवायलाही आळस करतो.

हार्नेसवरून सांगते, टेदर, म्हणजे हार्नेस बोटीला बांधून ठेवणारा दोर, उसना घेऊ नका. दोन टोकांचा, एक लांब दोन मीटरचा आणि एक आखूड मीटरभराचा, स्वतःचा घ्या. केबिनच्या दारातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी अडकवायचा आणि आत आल्यावरच काढायचा. रात्री कोणाला उठवल्याशिवाय कॉकपिटच्या पुढे जायचं नाही. 2017 मध्ये एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दक्षिण महासागरात, एका अनुभवी गड्याच्या टेदरचा हूक डेकवरच्या क्लीटखाली, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीखाली, अडकला. त्यावर आडवा ताण आला आणि हूक वाकून उघडला. तो वाचला नाही. टेदर अडकवायला डेकवर पुढून मागे अंथरलेले सुरक्षा-पट्टे अशा क्लीटजवळून जातात का, हे दिवसाउजेडी स्वतः चालून बघा. शक्य तिथं आखूड टोक वापरा.

आता मोठी गोष्ट, समुद्र माणसाला बदलतो ही.

मला वाटतं, समुद्र आपल्या सवयी मोठ्या करून दाखवतो. नोकरीला विटलेला माणूस पाचव्या-सहाव्या दिवशी खरंच हलका होतो. फोन नाही, मीटिंग नाही, पहाटेच्या वॉचला पूर्वेकडे शुक्र उगवला तर पाण्यावर त्याची रेघ दिसते. पण निम्मी वाट सरली की उत्साह ओसरतो. कोणाचा तरी चावण्याचा आवाज नको होतो. कोणीतरी रोज कप धुवायचा विसरतो, कोणीतरी बॅटरी भरायच्या आधी फोन लावतो. घरी न बोलणारा माणूस इथं तेच करतो, फरक इतकाच की दार आपटून बाहेर जायला बाहेरच नसतं. तुम्ही सवय तीच घेऊन गेलात तर ती सोबत घेऊनच सेंट लुशियाला उतराल, फक्त रापलेल्या. ती मोडायची सुरुवात लास पाल्मासच्या धक्क्यावर करावी लागते.

बोटीवर त्यासाठी दोन रिवाज आधीच मागून घ्या. रोज संध्याकाळी काळोखाच्या आत चौघांनी एकत्र जेवायचं, शीड रात्रीपुरतं आखडून झाल्यावर. जेवताना प्रत्येकानं सांगायचं: झोप किती झाली, अंग कसं आहे, काय खटकलं. झोपेचा आकडा आधी, कारण बऱ्याच वेळा तो ऐकल्यावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. दुसरा रिवाज, खटकलेलं चोवीस तासांत बोलायचं, नाहीतर सोडून द्यायचं. दहा दिवसांचं साठवून एकदम काढायचं नाही. कप धुण्यावरून सुरू झालेलं भांडण कपापुरतं राहत नाही.

भारतीय नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या होडीवरून केलेली जगप्रदक्षिणा तुम्हाला आठवत असेल. 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून निघाल्या, 21 मे 2018 ला परतल्या, 254 दिवस. लोक दक्षिण महासागरातल्या लाटांबद्दल बोलतात. मला त्याआधीचं महत्त्वाचं वाटतं: त्या ‘म्हादेई’ या दुसऱ्या होडीवर मॉरिशसपर्यंत, केपटाऊनपर्यंत सराव करून आल्या होत्या. एकमेकींची चिडचिड कशी दिसते हे त्यांना निघण्याआधीच माहीत होतं. तुमची चौघांची ओळख दोन दिवसांची आहे, त्यातही एक रात्र फसलेली.

म्हणून सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याऐवजी मी मधली वाट सुचवते. स्किपरला विचारा, केप व्हर्दे बेटांवरच्या मिंडेलोला थांबता येईल का. लास पाल्मासहून ते सुमारे 850 मैल, सहा-सात दिवस. वारे पकडायला बोटी तशाही आधी दक्षिणेलाच उतरतात, “लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला, मग पश्चिमेला” असं जुने इंग्रज खलाशी म्हणायचे. तेव्हा वाट फार वाकडी होत नाही. तिथं पाणी, भाजी भरता येते, मोडलेलं दुरुस्त होतं, आणि विमानतळ आहे. सात दिवसांत बोट लागायची थांबली का, झोप मिळते का, ओरडा दोराला होता की तुम्हाला, हे सगळं कळलेलं असेल. तिथून पुढे मात्र 2,100 मैल परतीचा रस्ता नाही. वाऱ्याविरुद्ध मागे येणं पुढे जाण्यापेक्षा कठीण. मिंडेलोला उतरले तर राग नको, हे आधीच बोलून ठेवा. तो मुळीच थांबायला तयार नसेल आणि तुम्ही त्याला पाठवलेल्या पत्रालाही टोलवाटोलवीचं उत्तर आलं, तर या वर्षी जाऊ नका. उन्हाळ्यात दुसऱ्या बोटीवर पाच-सात दिवसांची किनाऱ्याची सफर करा.

थोडं संसारातलं. तुमचा बर्थ तुमचाच हवा, पाळीपाळीनं दोघांनी वापरायचा नको. दार किंवा निदान पडदा, आणि डोलताना पडू नये म्हणून कडेला बांधायचं कापड, हे जाऊन बघून या. मासिक पाळीचं सामान दीडपट घ्या, आणि त्यातलं काहीही बोटीच्या संडासात टाकायचं नाही. तिथली नळी जेमतेम 38 मिलिमीटरची असते आणि तुंबली तर ती साफ करण्याची पाळी कोणाची, यावरून मैत्र्या तुटल्या आहेत. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर, चौघांना एकवीस दिवसांचं 252 लिटर, त्यावर किमान एक तृतीयांश राखीव, आणि त्यातलं काही वेगळ्या कॅनमध्ये. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र असलं तरी ते नाहीच असं समजून हिशेब करा. खर्चाची वाटणी, म्हणजे खाणं, डिझेल, बंदराचे पैसे, लिहून घ्या. परतीचं विमान तुमचं तुम्हीच काढा, तारीख बदलता येणारं. भारतीय पासपोर्टवर कुठे उतरायला काय लागतं हे त्या-त्या देशाच्या वकिलातीकडून विचारा, स्किपरच्या आठवणीवर जाऊ नका.

शाकाहाराची काळजी करू नका. कोबी तीन आठवडे टिकतो, कांदे-बटाटे त्याहून जास्त, फक्त एकाच जाळीत ठेवू नका. छोटा कुकर न्या. डोलत्या बोटीवर झाकण बंद राहणारं भांडं म्हणजे देवच, आणि गॅसही वाचतो. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर चढवायचे नाहीत, त्यांत झुरळांची अंडी येतात.

राहिल्या आई. त्यांना जहाजांची भीती नाही, तुमच्या गप्प बसण्याची आहे, असं पत्रावरून वाटतं: “फोन केला की बरी आहे एवढंच सांगते” हे तुम्हीच लिहिलंय. त्यांना पोचायची तारीख सांगू नका. ‘एकोणीस ते पंचवीस दिवस’ असं सांगा. बोट कुठे आहे ते दाखवणारा नकाशावरचा ठिपका एखादा दिवस हलला नाही तर बहुधा यंत्राची बॅटरी गेलेली असते, हे आधी समजावून ठेवा. काळजी कधी सुरू करायची आणि फोन कोणाला करायचा, हे एका कागदावर लिहून चिपळूणला पाठवा. उपग्रहावरून रोज एक ओळ जाऊ द्या, आणि त्यात ‘बरी आहे’ नको. किती तास झोपले, काय खाल्लं, ते लिहा. मेतकूट त्यांनाच करून पाठवायला सांगा, अर्धा किलो तरी. चौघांत ते पहिल्या आठवड्यातच संपत येतं.